तोतया कोण?

गॅदरिंगच्या आदल्या रात्री साडेअकरा वाजता रंगमंचामागच्या पायरीवर एक मुलगी रडत बसली होती. तिसऱ्या वर्षाची, कॉलेजची सांस्कृतिक सचिव. मांडववाल्याला इसार देऊन झाला होता, साउंडवाल्याशी घासाघीस झाली होती, 28 कार्यक्रमांचा क्रम लावून झाला होता, आणि नाचाच्या दोन गटांमधलं भांडण तिनेच दुपारी मिटवलं होतं. मी शेजारी जाऊन बसले. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मॅडम, उद्या सगळ्यांना कळेल."

"काय कळेल?"

"मला यातलं काही येत नाही ते. सरांनी चुकून माझं नाव दिलंय."

दुसऱ्या दिवशी गॅदरिंग छान पार पडलं. मी अभिनंदन करायला गेले तर म्हणाली, "साउंड चांगला मिळाला म्हणून निभावलं." साउंडवाला कुणी शोधला होता? तिने. भाव कुणी पाडला होता? तिने. पण हे सगळं तिच्या खात्यावर जमाच होत नव्हतं. जमा होत होतं ते नशिबाच्या, सरांच्या आणि साउंडवाल्याच्या खात्यावर.

कॉलेजात शिकवण्यात माझी वीस वर्षं गेली. एनएसएसचे गटप्रमुख, नाट्यमंडळाचे दिग्दर्शक, भित्तिपत्रकाचे संपादक, एनसीसीतले अंडर ऑफिसर, विद्यार्थी परिषदेचे सचिव, सगळ्या प्रकारची मुलं पाहिली. जी खरोखर राबतात त्यांच्यातच हा प्रश्न भेटतो: आपण इथे चुकून आलोय, एक दिवस उघडे पडू. फोटोपुरता पुढे येऊन उभा राहणारा मुलगा हा प्रश्न घेऊन माझ्याकडे एकदाही आला नाही.

मराठीत यासाठी एक जुना, नेमका शब्द आहे: तोतया. 1761 साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ गेले. मग काही वर्षांनी "मीच भाऊ" म्हणत एक माणूस उभा राहिला. कोकणात त्याच्यामागे माणसं जमली, मोठं बंड झालं, आणि 1776 साली त्याला पकडून देहदंड दिला गेला. न. चिं. केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं. आपण भाऊ नाही हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि इतरांना तो भाऊच आहे असं पटलं होतं. पायरीवरच्या त्या मुलीचं याच्या अगदी उलट होतं. सोंग तिने कसलंच घेतलं नव्हतं. नाव तिचं, काम तिचं, घाम तिचा. तरी धास्ती मात्र तोतयाची.

या धास्तीवर पहिला अभ्यास 1978 साली अमेरिकेतल्या पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघी मानसशास्त्रज्ञांनी लिहिला. शिक्षणात आणि व्यवसायात पुढे गेलेल्या दीडशेहून अधिक स्त्रियांशी त्यांचा संबंध आला होता. पदव्या होत्या, मान होता, सहकाऱ्यांची पावती होती, आणि तरीही आतून एकच सूर: आपण हुशार नाही, लोकांना आपण फसवलंय. प्रवेश समितीकडून काहीतरी चूक झाली म्हणून आपण इथे आहोत, असं विद्यार्थिनींना वाटायचं. "सरांनी चुकून माझं नाव दिलंय" हे वाक्य म्हणजे त्याचाच मराठी अवतार. क्लान्सबाईंनी पुढे आवर्जून सांगितलं की हा आजार नव्हे. पुन्हा नाव द्यायची वेळ आली तर आपण त्याला फक्त 'अनुभव' म्हणू, असंही त्या म्हणाल्या. तरी आज इन्स्टाग्रामवरच्या प्रत्येक दुसऱ्या रीलमध्ये 'इम्पोस्टर सिंड्रोम', म्हणजे तोतयेपणाचा आजार, हा शब्द वाजतो आणि अठरा वर्षांची पोरं स्वतःला रोगी समजू लागतात. हा शब्द आधी बंद करा. ज्याला आजार म्हणतो त्याचा इलाज आपण रोग्याच्या अंगात शोधत बसतो, आणि इथे कारण बऱ्याचदा कॉलेजच्या कार्यालयात बसलेलं असतं.

कार्यालयातच जाऊ.

महाराष्ट्रात कॉलेजांच्या निवडणुकांत मारामाऱ्या झाल्या, मुंबईत एका विद्यार्थ्याचा खूनही झाला, आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणूक बंद केली. त्या जागी आलं नामनिर्देशन. प्रत्येक वर्गातून आदल्या परीक्षेत चांगले गुण मिळवलेला एकजण, खेळ, एनएसएस, एनसीसी आणि सांस्कृतिक विभागातून एकेकजण, शिवाय दोन विद्यार्थिनी. ही सगळी नावं प्राचार्यांनी द्यायची. हिंसा थांबवायची होती हे मला मान्य आहे. पण त्याबरोबर दुसरंही काहीतरी थांबलं. 2016 च्या नव्या कायद्याने निवडणुकीची तरतूद परत आणली, 2019 साली तारखाही जाहीर झाल्या, आणि त्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. खेळ, एनएसएस, सांस्कृतिक यांचे प्रतिनिधी तर नव्या कायद्यातही नामनिर्देशितच राहिले.

आता त्या मुलीच्या जागी बसून बघा. सूचनाफलकावर एक कागद लागतो. त्यावर तुमचं नाव. का, ते लिहिलेलं नसतं. कुणी मत दिलेलं नसतं, मुलाखत झालेली नसते, समोर कोण होतं ते माहीत नसतं. वर्गातली मुलं म्हणतात, "तू सरांची लाडकी." दुसरी म्हणतात, "मुलगी हवी होती म्हणून." तिच्या हातात याला उत्तर देणारं एकही कारण नसतं. निवडून आलेल्याला निदान मतांचा आकडा सांगता येतो. पडलेल्यालाही सांगता येतो. नेमलेल्याजवळ सांगायला फक्त नेमणारा असतो. मग तिला वाटणार नाही तर काय, की आपण चुकून आलो?

मी स्वतः 1990 च्या दशकाच्या शेवटी वर्गप्रतिनिधी होते. कारण एकच, वर्गात माझे गुण सगळ्यात जास्त होते. चाळीस मुलांपुढे उभं राहून चार वाक्यं बोलण्याची सवय मला नव्हती, वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाला ती होती, आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. वर्षभर मी त्याची नजर चुकवत राहिले. चूक माझी नव्हती, त्याचीही नव्हती. अर्थशास्त्राच्या पेपरातल्या गुणांवरून पुढारपण ठरवणाऱ्या नियमाची ती चूक होती. हे समजायला मला फार वर्षं लागली, म्हणून आज मुलांना लवकर सांगते.

नेमणुकीचं कारण जसं सांगत नाहीत, तसं कामाचं श्रेयही देत नाहीत. एनएसएसचंच, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचंच घ्या. 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, 37 विद्यापीठांमध्ये ही योजना सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास काम करायचं, दोन वर्षांत 240, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. ब्रीद आहे 'मी नव्हे, तू'. सुंदर ब्रीद आहे, मला मनापासून आवडतं. पण ते स्वयंसेवकाने जपायचं आहे. आपण ते कॉलेजला वापरू दिलं. शोषखड्डे खणले पोरांनी, वनराई बंधाऱ्याची पोती भरली पोरांनी, आणि अहवालात वाक्य आलं: "महाविद्यालयाने बंधारा बांधला." पोरं त्यातून गाळली गेली.

या 120 तासांचं फळ गुणपत्रिकेत कोणत्या नावाने येतं? मुंबई विद्यापीठात एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक अशा कामासाठी 10 गुण मिळतात. त्यांना म्हणतात ग्रेस. म्हणजे कृपा. नापास होणाऱ्याला ढकलण्यासाठी जो शब्द, तोच उन्हात कुदळ मारणाऱ्यासाठी. शब्द बदलायला पैसा लागत नाही, फक्त एक परिपत्रक लागतं. श्रमाचे गुण म्हणा, सेवेचे गुण म्हणा, पण कृपा म्हणू नका. कृपेवर जगणाऱ्याला आपण उपरे आहोत असंच वाटतं.

आणि आपल्या कार्यक्रमांतलं ते आभारप्रदर्शन. प्रमुख पाहुण्यांचा परिचय दहा मिनिटं, अध्यक्षीय भाषण चाळीस मिनिटं, आणि खुर्च्या सरकू लागल्या, लोक चपला शोधू लागले की मग आभार. तेव्हा घाईघाईत वाचली जाते राबलेल्या मुलांची यादी. नावं चुकतात, आडनावं गळतात, शेवटी "आणि ज्यांची नावं अनवधानाने राहिली" असं म्हणून गठ्ठा बांधला जातो. वर मुलांनी म्हणायचं काय? "आमचा खारीचा वाटा." दोनशे खुर्च्या तीन मजले चढवणाऱ्याचाही खारीचाच वाटा. विनय मलाही शिकवला गेला आहे आणि मी तो सोडणार नाही. पण वीस वर्षांच्या मुलाने आपल्या कामाचं माप सांगायचंच नाही, हा विनय नव्हे, ही मुस्कटदाबी आहे. वर्षानुवर्षं खार म्हणून घेणाऱ्याला आपला दगड उचलल्याचं आठवणार कसं?

एक गोष्ट मात्र मुलांच्या बाजूने नाही, तीही सांगायला हवी. कधी कधी त्यांना जे खोटं वाटतं ते खरोखर खोटं असतं. कॉलेजांना मानांकन देणाऱ्या नॅकचं मूल्यांकन जवळ आलं की कॉलेजात उपक्रमांचा पाऊस पडतो. बॅनर छापला जातो, जिओटॅग फोटो काढले जातात, रोप हातात धरून बारा जण उभे राहतात, फोटो झाला की रोप कडेला. संध्याकाळी त्या बारातला एखादा अस्वस्थ होतो. म्हणतो, मी पर्यावरण मंडळाचा प्रमुख आणि मी काहीच केलं नाही. त्या मुलाला "असं वाटून घेऊ नकोस" म्हणणाऱ्यांवर माझा राग आहे. त्याचं नाक शाबूत आहे. त्याला खोट्याचा वास आला आहे. तो फक्त चुकीच्या जागी बोट ठेवतोय; खोटा तो नाही, कार्यक्रम खोटा आहे. अशा मुलाला दिलासा देऊ नका, दुसऱ्या दिवशी कुदळ आणि पाण्याची बादली द्या. महिन्याने तेच रोप जगलेलं पाहिलं की त्याला कुणाच्या समजावणीची गरज उरणार नाही.

आता सगळ्यात कडू भाग. विद्यार्थी परिषदेत, नाट्यमंडळात, वादसभेत राखीव प्रवर्गातला मुलगा किंवा मुलगी पुढे आली की मागून एक शब्द येतो: "कोट्यातून." खेड्यातून आलेल्या मुलीच्या उच्चारावर हशा येतो. बैठक मराठी मुलांची, पण बोलणं इंग्रजीत, कारण तिघांना तसं बोलायला आवडतं. मग त्या मुलीला वाटतं आपण इथल्या नाही. याला न्यूनगंड म्हणणं हा सरळ अन्याय आहे. तिच्या मनात काही बिघडलेलं नाही. तिला ऐकू येतं ते खरंच बोललं गेलं आहे. 2021 साली रुचिका तुलश्यान आणि जोडी-अॅन ब्यूरी या दोघींनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत हेच ठणकावलं होतं: स्त्रियांना इम्पोस्टर सिंड्रोम आहे असं सांगणं थांबवा, आणि त्या जिथे काम करतात ती जागा दुरुस्त करा. त्यांचं लिहिणं नोकरीच्या ठिकाणांबद्दल होतं. आपल्या कॉलेजांच्या बैठकांना ते जसंच्या तसं लागू पडतं. कुजबुजणाऱ्याला बैठकीतच थांबवा. ते काम त्या मुलीचं नाही, अध्यक्षाच्या खुर्चीवर बसलेल्याचं आहे.

खानदेशात सातपुड्याच्या पायथ्याशी एका एनएसएस शिबिरात मी बौद्धिकासाठी गेले होते. तिथे एक मुलगा भेटला, पाड्यावरून आलेला, घरी पावरी बोलणारा. गटप्रमुख होता. मला म्हणाला, "मॅडम, गटप्रमुख मी नावाचाच. मला सूत्रसंचालन येत नाही. ती मुलं किती छान बोलतात." त्याच दिवशी शिबिराचं आरोग्य सर्वेक्षण पाड्यांवर झालं होतं. छान बोलणाऱ्या मुलांपुढे घरांची दारं मिटली होती. हा पुढे झाला, ओट्यावर बसला, पावरीत दोन शब्द बोलला, आणि बायका बोलू लागल्या. लसी कुणाला दिल्या, बाळंतपणं कुठे झाली, पाणी कुठून आणतात, सगळं बाहेर आलं. त्या सर्वेक्षणातलं प्रत्येक उत्तर या मुलाच्या जिभेवरून आलं होतं. आणि तो स्वतःला नावाचा गटप्रमुख म्हणत होता, कारण पुढारपण म्हणजे माइक, असं आपणच त्याला शिकवलं. रात्री शेकोटीभोवती मी हे सगळ्यांदेखत बोलले. तो खाली मान घालून बसला होता. मग छान बोलणाऱ्यांपैकी एक मुलगी म्हणाली, "मला दुपारी रडू आलं होतं. कुणी दारच उघडेना. मला वाटलं, मी कसली स्वयंसेवक." तिच्यामागून आणखी तिघं बोलली.

त्या रात्री जे घडलं ते क्लान्स आणि आइम्स यांच्या निबंधातही आहे. एकटीला समजावण्यापेक्षा अशा स्त्रियांना एकत्र बसवावं, असं त्या सुचवतात. एकीने आपलं गुपित उघड केलं की दुसऱ्या बोलू लागतात. शेजारणीला स्वतःबद्दल असं वाटणं किती निराधार आहे, हे चटकन दिसतं. तिथून स्वतःबद्दलच्या आपल्या समजाबद्दलही शंका येऊ लागते. आणखी एक सूचना त्यात आहे. कुणी कौतुक केलं तर ते लिहून ठेवायचं, आणि आपण ते कसं परतवून लावलं तेही लिहायचं. "साउंड चांगला होता" हे वाक्य वहीत स्वतःच्या अक्षरात वाचलं असतं, तर माझी ती सांस्कृतिक सचिव थबकली असती.

शेकोटी आपल्याकडे आहेच. नाटकाच्या तालमीनंतरचा कटिंग चहा आहे, कट्टा आहे. त्याला खर्च नाही, समुपदेशकाची वाट पाहावी लागत नाही. पण तिथे सीनियर मुलं सांगतात काय? आम्ही कसं गाजवलं. स्पॉन्सर कसा पळून गेला, पावतीबुक हरवलं तेव्हा हातपाय कसे गार पडले, पडदा अडकला तेव्हा कोण ओरडलं, हे कुणी सांगत नाही. नव्या सचिवाला वाटतं, आधीच्यांना सगळं येत होतं. त्यांना येत नव्हतं. त्यांनी लपवलं.

यश-अपयशाबद्दल उघड बोलणारी एक जागा मला माहीत आहे. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा घेते. भरत नाट्य मंदिरात "अरे आव्वाज कुणाचा" घुमतो तेव्हा प्रत्येक कॉलेजला आपण कुठे उभे आहोत ते ऐकू येतं. 2022 साली परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची नाही म्हणत करंडक कुणालाच दिला नाही. मुलं दुखावली, मराठी रंगभूमीवरची मोठी माणसं दोन्ही बाजूंनी बोलली. मलाही तो निर्णय फार कठोर वाटला आणि आजही वाटतो. तरी एक मान्य करते. तो निकाल उघड्यावर लागला होता. कुणी दिला ते माहीत होतं, का दिला ते विचारता येत होतं, त्याच्याशी भांडता येत होतं. भांडता येईल अशा निकालाने मुलं खचतात आणि पुन्हा उभी राहतात. ज्या नेमणुकीचं कारणच कुणी सांगत नाही, तिच्याशी भांडायचं कसं? ती आतून पोखरत राहते.

मुलांना एक विनंती. "मला काही येत नाही" असं वाटलं की लगेच एक यादी करा. काय येत नाही? हिशेब? शिका, तीन दिवसांचं काम आहे. माइकवर बोलणं? त्यालाही सराव लागतो. पत्र लिहिणं, परवानगी काढणं, व्हाउचर भरणं, हे कुणालाच आईच्या पोटातून येत नाही. न येणं आणि खोटं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पद सोडावंसं वाटलं तर सोडा, पण काम जमत नाही म्हणून सोडा. "मी इथला नाही" म्हणून सोडू नका. आणि हे वाटणं झोप, जेवण, अभ्यास खाऊ लागलं, स्वतःला संपवण्याचे विचार आले, तर थांबू नका. घरच्यांशी, एखाद्या शिक्षकाशी, डॉक्टरांशी बोला. टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

मावळत्या सचिवांनो, पद सोडताना नव्या सचिवाला नुसती फाइल देऊ नका. फाइलमध्ये एक पान तुमच्या हाताचं घाला: कुठे चुकलो, कुठे घाबरलो, कोण धावून आलं.

आणि प्राचार्यांनो, कार्यक्रम अधिकाऱ्यांनो, तुम्ही नावं देता. सूचनाफलकावर कागद लावण्याआधी त्या मुलीला बोलवा. तिला समोर बसवा आणि दोन वाक्यांत सांगा की तुम्ही तिचं नाव का दिलंत. तेच कारण त्या कागदावरही लिहा. दोन वाक्यांचं कारण सुचत नसेल, तर ते नाव देऊ नका.